ऑर्फर्ड नेस : समुद्राने रचलेला गोट्यांचा दांडा आणि त्यावर माणसाने केलेले उद्योग

गारगोटी (धागाकर्ता)

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात, ऑल्डबरा नावाचे छोटे गाव आहे. गावाच्या दक्षिणेला स्लॉडन येथे ऑल्ड नदी समुद्रापासून अक्षरशः हाकेच्या अंतरावर येते. आता ही समुद्राला मिळणार, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटते. परंतु नेमकी तिथेच ती पाठ फिरवते, दक्षिणेला वळते, किनाऱ्याला समांतर अशी सुमारे सोळा किलोमीटर वाहत जाते, वाटेत 'ओर' असे नाव घेते आणि मग कुठे तिला समुद्र भेटतो. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये उरलेली ही लांबट पट्टी म्हणजे ऑर्फर्ड नेस. 'नेस' म्हणजे समुद्रात पुढे आलेले नाक. युरोपातील वनस्पतींनी युक्त अशा गोट्यांच्या दांड्यांमध्ये हा सर्वांत मोठा मानला जातो.

येथील गोटे बहुतांशी चकमकीच्या दगडाचे आहेत. वाऱ्याच्या दिशेमुळे लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात, गोट्याला तिरपेच वर ढकलतात, आणि परतणारे पाणी मात्र उताराने सरळ खाली उतरते. त्यामुळे प्रत्येक लाटेगणिक गोटा थोडा थोडा दक्षिणेला सरकत राहतो. मोठ्या वादळात लाटा हेच गोटे इतक्या उंच फेकतात की नेहमीची भरती तिथवर पोचत नाही. असा एक वरंबा तयार होतो, पुढच्या मोठ्या वादळात त्याच्या समुद्राकडच्या बाजूला दुसरा, मग तिसरा. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत हे शेकडो वरंबे नांगरलेल्या शेतासारखे दिसतात, आणि त्यांच्या वळणांवरून दांड्याचे टोक कोणत्या काळी कुठे होते याचा अंदाज बांधता येतो.

धागा काढण्याचे कारण असे, की या पट्टीवर गेल्या आठ-नऊशे वर्षांत माणसाने जे काही केले ते पाहताना मला एक गोष्ट वारंवार जाणवली. इथे शेती नीट होत नाही, पक्का रस्ता टिकत नाही, गोड्या पाण्याची ददात आहे आणि येण्याजाण्याला होडी लागते. असे असूनही ही जागा कधी रिकामी राहिली नाही. उलट तिचे जवळजवळ सगळे उपयोग या गैरसोयींमधूनच निघाले. जाणकारांनी यात भर घालावी आणि माझे चुकत असेल तिथे सांगावे.

भूगोलप्रेमी

लेख आवडला, संज्ञेबद्दल मात्र थोडे स्पष्टीकरण हवे. शुद्ध अर्थाने दांडा एका टोकाला जमिनीला जोडलेला असतो आणि दुसरे टोक पाण्यात मोकळे असते. ऑर्फर्ड नेसचा दक्षिणेकडचा भाग या व्याख्येत अचूक बसतो. परंतु मधला, जिथे दीपगृह होते तो फुगीर भाग, म्हणजे जे खरे 'नाक', ते त्रिकोणी भूशिराच्या प्रकारात मोडते. केंट परगण्यातील डंजनेस हे त्या प्रकाराचे ठळक उदाहरण. एकाच भूरूपात दोन्ही प्रकार जोडलेले असल्यामुळे ऑर्फर्ड नेसचे अभ्यासकांना विशेष अप्रूप आहे.

तुलनेसाठी दक्षिण किनाऱ्यावरचा चेझिल बीचही पाहावा. तिथे समुद्राने गोटे आकारानुसार निवडून ठेवले आहेत: पश्चिमेला वाटाण्याएवढे, तर पूर्वेला पोर्टलंडजवळ मुठीएवढे. रात्री होडी कुठे लागली हे तिथले जुने कोळी हातात गोटा घेऊन ओळखत, असे सांगतात.

गारगोटी

भूगोलप्रेमी, आभार. आपले म्हणणे मान्य आहे. सोयीसाठी मी सगळ्यालाच दांडा म्हणत राहीन.

आता बंदराविषयी. ऑर्फर्ड हे गाव नदीच्या आतल्या काठावर, दांड्याच्या समोर आहे. राजा दुसरा हेन्री याने ११६५ ते ११७३ या काळात तिथे किल्ला बांधला. त्याच्या खर्चाच्या राजदरबारी नोंदी आजही उपलब्ध असून एकूण आकडा १,४१३ पौंडांच्या आसपास भरतो. शेजारच्या फ्रॅमलिंगहॅमच्या ह्यू बिगॉड या बलाढ्य सरदाराला वचक बसावा हा एक हेतू होता. बंदराचे रक्षण हा दुसरा. त्या काळी दांड्याचे टोक साधारण गावासमोर होते असे मानले जाते. म्हणजे जहाजांना उघड्या समुद्राचा तडाखा बसू नये इतका आडोसा होता आणि आत यायची वाटही जवळ होती. पुढे दांडा वाढत गेला, नदीचे मुख मैलोगणती दूर सरकले, मोठ्या जहाजांना तो अरुंद, गाळाचा, वळणावळणाचा मार्ग परवडेना, आणि ऑर्फर्ड हे बंदर न राहता मासेमारीचे खेडे झाले. 'दांड्याने बंदर मारले' असे सर्रास लिहिले जाते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे, कारण ते बंदर जन्माला घातले होते तेही याच दांड्याने.

किल्ल्याचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. राल्फ ऑफ कॉगशल या मठवासी इतिहासकाराने नोंदवले आहे, की हेन्रीच्या काळात ऑर्फर्डच्या कोळ्यांच्या जाळ्यात एक केसाळ, उघडा माणूस सापडला. त्याला किल्ल्यात ठेवले. उलटे टांगले तरी तो एक शब्द बोलला नाही. कच्चा मासा दिला, तर तो दोन्ही हातांनी पिळून, त्यातले सगळे पाणी काढून मगच खाई. एकदा जाळ्यांचे कुंपण घालून त्याला समुद्रात पोहायला सोडले, तेव्हा तो जाळ्यांखालून निसटला, लाटांत मनसोक्त खेळला आणि आपण होऊन परत आला. नंतर मात्र एके दिवशी कायमचा निघून गेला. तो कोण होता यावर तर्क लढवण्यापेक्षा मला मासा पिळण्याचा तो तपशील जास्त मोलाचा वाटतो. इतके बारीक काही उगाच सुचत नाही.

पाणकोंबडी

उपयोगांच्या यादीत 'अन्न' राहून गेले आहे. १५५५ साली इंग्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा ऑर्फर्ड आणि ऑल्डबरा यांच्या दरम्यानच्या गोट्यांवर आपोआप उगवलेले वाटाणे खाऊन गरिबांनी दिवस काढले, अशी नोंद जुन्या इतिहासग्रंथांत आहे. काहींनी त्याला दैवी चमत्कार ठरवले. कोणी म्हणाले, फुटलेल्या जहाजातले वाटाणे रुजले. प्रत्यक्षात तो समुद्री वाटाणा नावाचा जंगली वेल आहे आणि तो आजही तिथे जांभळ्या फुलांनी डवरतो. त्याच्या बिया खाऱ्या पाण्यावर दीर्घकाळ तरंगूनही रुजण्याची ताकद टिकवतात, त्यामुळे समुद्रच त्याची पेरणी करतो. चवीला कडवट असतो असे म्हणतात. पण दुष्काळात चव कोण पाहतो?

गोट्यांवर काही उगवते हेच मुळात नवल आहे. पावसाचे पाणी क्षणात खाली झिरपते, वर मीठ, वारा आणि उन्हाने तापलेले दगड. ज्या वरंब्यांत गोट्यांच्या फटींमध्ये बारीक खडी आणि कुजलेला पालापाचोळा साठतो तिथेच ओल धरते आणि मुळे टिकतात. म्हणून वनस्पतीसुद्धा पट्ट्यापट्ट्यांनी वाढलेल्या दिसतात. समुद्री कोबी, पिवळ्या फुलांची शिंगाळी खसखस आणि दगडांना चिकटून वाढणारे दगडफूल ही तिथली मुख्य मंडळी. अशा वरंब्यावरून एक मोटार गेली, की बारीक आणि मोठ्या गोट्यांची ती रचना मोडते, आणि ती पुन्हा लावून द्यायला वादळाची लाट आता तिथवर येत नाही. त्यामुळे लष्कराच्या काळातील चाकोऱ्या कित्येक दशकांनंतरही स्पष्ट दिसतात.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात सांगते. दांडा आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये नदीत हॅव्हरगेट नावाचे बेट आहे. युद्धकाळात तिथल्या पाण्याच्या दरवाजाची मोडतोड झाली, कुरणात खारे पाणी शिरले, आणि उथळ तळी तयार झाल्यामुळे वर बाक असलेल्या चोचीचा उचाट्या हा पक्षी, जो इंग्लंडमधून घरटी करणारा म्हणून सुमारे शंभर वर्षे नाहीसा झाला होता, तो १९४७ मध्ये तिथे पुन्हा अंडी घालू लागला. ब्रिटनच्या पक्षीसंरक्षण संस्थेच्या बोधचिन्हावर तोच पक्षी आहे.

दर्यावर्दी

दीपगृहाशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

हा किनारा जहाजांसाठी वाईट. उत्तरेकडून लंडनला कोळसा नेणारी जहाजे याच मार्गाने जात, आणि बाहेर पाण्याखाली वाळूचे लांबच लांब उंचवटे. १६२७ मध्ये एका वादळी रात्रीत या परिसरात ३२ जहाजे फुटली. त्यानंतर काही वर्षांतच दांड्यावर दोन दिवे उभारले गेले, एक उंच, एक बुटका. खलाशाने समुद्रातून ते दोन्ही एका रेषेत आणले, की वाळूच्या उंचवट्यांमधला सुरक्षित मार्ग सापडे. कल्पना सोपी होती. पण पुढचा दिवा पाण्याच्या जवळ असणे भाग होते आणि किनारा तर सतत झिजत होता. त्यामुळे बुटका दिवा पुन्हा पुन्हा समुद्रात गेला आणि पुन्हा पुन्हा मागे सरकवून बांधावा लागला.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे जे दीपगृह अनेकांना छायाचित्रांतून परिचित आहे ते १७९२ चे, सुमारे ३० मीटर उंचीचे. त्या काळी दीपगृह हा खासगी मालकीचा आणि उत्तम नफ्याचा धंदा होता, कारण जाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून पट्टी वसूल केली जाई. १८३६ च्या कायद्याने अशी दीपगृहे ट्रिनिटी हाउस या संस्थेकडे आली. १९६५ मध्ये दिवा स्वयंचलित झाला. बांधकामाच्या वेळी समुद्र बऱ्यापैकी दूर होता. २०१३ पर्यंत तो काही पावलांवर आला. दिव्याची भिंगे ज्या पाऱ्याच्या कुंडावर तरंगत फिरत, तो पारा समुद्रात मिसळू नये म्हणून काढून घेतला गेला, जून २०१३ मध्ये दिवा कायमचा मालवला, आणि काही वर्षे हौशी लोकांच्या न्यासाने गोटे भरलेल्या पिशव्या रचून बुरूज तगवून धरल्यानंतर २०२० च्या उन्हाळ्यात तो उतरवण्यात आला.

माझ्या मते तो पडू न देता पाडला हे योग्यच झाले. सव्वादोनशे वर्षांची वास्तू गेली याचे वाईट वाटते. परंतु विटांचा तो ढीग पाण्यात कोसळला असता, तर ज्या जहाजांसाठी तो उभारला त्यांनाच तो धोका ठरला असता.

गारगोटी

दर्यावर्दी, सुरेख माहिती. आता लष्कराकडे वळतो, कारण जगाला ऑर्फर्ड नेस परिचित आहे ते मुख्यतः त्यामुळेच.

१९१३ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने दांड्याचा मोठा भाग विकत घेतला. नदीकडची कुरणे सपाट करून धावपट्टी केली गेली आणि १९१५ पासून तिथे विमानांचे प्रयोग सुरू झाले. बाँब कसा टाकावा, नेम कसा धरावा, रात्री कसे उडावे, हवाई छत्री उघडते की नाही, अशा सगळ्या गोष्टी, ज्या तोवर कोणालाच नीट ठाऊक नव्हत्या, त्या इथे करून पाहिल्या गेल्या. पुराला रोखणाऱ्या बांधांचे काम चिनी मजुरांनी आणि जर्मन युद्धकैद्यांनी केले. त्यांपैकी एका बांधाला अजून 'चायनीज वॉल' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या सांगाड्यांवर गोळ्या झाडून कोणता भाग किती मारा सोसतो हे तपासले जाई.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनच्या अण्वस्त्र संशोधन आस्थापनेने इथे तळ ठोकला. अणुबाँब विमानात चढवताना हादरला, वर गोठला, तापला, भेलकांडला, तर तो वेळेआधी फुटणार नाही ना, आणि वेळेवर फुटेल ना, हे तपासण्याच्या प्रयोगशाळा त्यांनी गोट्यांवर बांधल्या. पहिली कसोटी १९५६ मध्ये 'ब्लू डॅन्यूब' या ब्रिटनच्या पहिल्या अणुबाँबवर झाली. अणुविघटन होणारे द्रव्य कधीही वापरले गेले नाही, असे अधिकृतपणे सांगितले जाते. परंतु त्याला चेतवणारी स्फोटके खरीच असत आणि अपघात घडवायला तेवढी पुरेशी होती. म्हणूनच १९६० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या दोन इमारतींची रचना इतकी विचित्र आहे: जमिनीत अर्धवट गाडलेली खोली, वर आखूड खांब, आणि खांबांवर काँक्रीटचे जाडजूड छप्पर, त्यावर पुन्हा गोट्यांचा ढीग. स्फोट झालाच, तर दाब खांबांमधल्या फटींतून बाहेर पडावा आणि छपराचा भार त्यावर बसावा असा हिशेब होता. लांबून त्या बौद्ध मंदिरासारख्या दिसतात, म्हणून त्यांना 'पॅगोडा' हे नाव पडले. छपरावर टाकण्यासाठी लागणारे शेकडो टन वजन तिथे पायाखालीच फुकट पडलेले होते, हेही लक्षात घ्यावे. १९७१ मध्ये आस्थापना निघून गेली.

तारायंत्र

माझा विषय बिनतारी यंत्रणेचा असल्यामुळे दोन मुद्दे जोडतो. धागाकर्त्याने रडारला बगल दिली याबद्दल सौम्य निषेध.

मे १९३५ मध्ये रॉबर्ट वॉटसन-वॉट या ब्रिटिश रेडिओ-शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली काही मोजके शास्त्रज्ञ ऑर्फर्ड नेसवर येऊन राहिले. वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास चालू आहे, असे गावात सांगण्यात आले होते. १७ जून रोजी त्यांच्या पडद्यावर सुमारे २७ किलोमीटरवरच्या एका उडत्या नौकेचा, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा, प्रतिध्वनी उमटला. रेडिओलहरींनी विमान पकडता येते हे त्याच वर्षी फेब्रुवारीत मध्य इंग्लंडमधील डॅव्हेन्ट्रीजवळ सिद्ध झाले होते. ते विमान किती अंतरावर आहे हे सांगणारे यंत्र मात्र या गोट्यांवर जन्मले. पुढच्या वर्षी सगळा संसार थोडा दक्षिणेला बॉड्सी येथील हवेलीत हलवला गेला.

दुसरी गोष्ट अपयशाची आहे आणि मला ती जास्त आवडते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका आणि ब्रिटन यांनी इथे 'कोब्रा मिस्ट' नावाचे प्रचंड रडार बांधले. त्याच्या लहरी आकाशातील आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) थरावर आपटून क्षितिजापलीकडे, थेट सोव्हिएत प्रदेशापर्यंत जाणार आणि तिथली विमाने व क्षेपणास्त्रे टिपणार होत्या. पंख्यासारख्या पसरलेल्या तारांच्या १८ रांगा, कोट्यवधी डॉलरांचा खर्च. यंत्र सुरू झाल्यावर जिथे लक्ष्य दिसायला हवे नेमक्या त्याच अंतरांवर एक गोंगाट ऐकू येऊ लागला. तो कशाने येतो हे शोधण्यात महिनोन् महिने गेले; शत्रू मुद्दाम करतो, असाही संशय होता. कारण अखेरपर्यंत सापडले नाही आणि जून १९७३ मध्ये ते बंद केले गेले.

ती इमारत मात्र वाया गेली नाही. १९७८ पासून बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचे ६४८ किलोहर्ट्झवरचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण तिथून होऊ लागले आणि ते मार्च २०११ पर्यंत चालले. जागा उत्तमच होती: मध्यम लहरी जमिनीलगत प्रवास करतात, आणि खारे पाणी व खारी दलदल यांच्यावरून त्या कोरड्या जमिनीपेक्षा कितीतरी दूर जातात. समोर सगळा उत्तर समुद्र, त्यापलीकडे युरोप. आज त्याच लहरीवर रेडिओ कॅरोलाइन ऐकू येते. १९६४ मध्ये याच किनाऱ्याबाहेर जहाजावरून विनापरवाना गाणी वाजवणारे ते केंद्र आता परवाना घेऊन सरकारच्या जुन्या गुप्त तळावरून वाजते, ही गंमत मला दरवेळी नव्याने हसवते.

निशाचर

चर्चा माहितीपूर्ण आहे; पण मला एक खटकते. १९९३ मध्ये वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ही जागा विकत घेतली आणि १९९५ पासून ती लोकांसाठी खुली केली, हे ठीक. परंतु त्या संस्थेचे अधिकृत धोरणच असे, की बऱ्याचशा इमारतींची डागडुजी करायची नाही, त्यांना आपापल्या गतीने ढासळू द्यायचे. याला जतन कसे म्हणायचे? शीतयुद्धाचा इतका मोठा पुरावा गंजू देणे ही हेळसांड आहे आणि तिला तत्त्वज्ञानाचा मुलामा दिला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गारगोटी

तारायंत्र, निषेध मान्य. आपणच लिहावे म्हणून जागा सोडली होती असे समजा.

निशाचर, आपला आक्षेप रास्त आहे आणि तिथे जाईपर्यंत माझेही मत तेच होते. ऑर्फर्डच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे जायला काही मिनिटेच लागतात. पुढे रंगवलेल्या खुणांच्या बाहेर पाऊल टाकायचे नाही, कारण न फुटलेला दारूगोळा अजून गोट्यांत असू शकतो. कुरणे संपून गोटे लागले, की चालण्याचा आवाजच बदलतो. प्रत्येक पाऊल करकरत आत रुतते आणि दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. एका प्रयोगशाळेच्या दारातून आत पाहिले, तर छपराचे लोखंड गंजून पापुद्र्यांसारखे लोंबत होते, खाली पावसाचे हिरवे पाणी साचले होते, आणि ज्या खड्ड्यात बाँब ठेवून हलवत असत त्याच्या काठावर समुद्री कोबीचे एक रोप चांगले गुडघाभर वाढले होते.

त्या इमारती दुरुस्त करायच्या, तर यंत्रे, मालमोटारी आणि मजूर त्या वरंब्यांवरून न्यावे लागतील, आणि त्याने काय होते हे पाणकोंबडी यांनी वर लिहिलेच आहे. काँक्रीट साठ-सत्तर वर्षांचे आहे. वरंबे शेकडो वर्षांचे आहेत. दोन्हींपैकी एकच वाचवता येत असेल, तर मी गोट्यांच्या बाजूने आहे. मोजमापे, छायाचित्रे, तिथे काम केलेल्यांच्या आठवणी हे सगळे मात्र वेळेत नोंदले गेले पाहिजे. त्यात कसूर झाली, तर आपल्या 'हेळसांड' या शब्दाला माझी हरकत नाही.

निशाचर

पूर्ण पटले नाही, पण वरंब्यांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता हे कबूल करतो.

भूगोलप्रेमी

एक शेवटचा प्रश्न. स्लॉडनच्या चिंचोळ्या मानेचे काय? समुद्राने ती तोडली, तर नदी तिथेच समुद्राला मिळेल आणि दांड्याचे बेट होईल, असे ऐकले आहे.

दर्यावर्दी

धोका खरा आहे. स्लॉडन हे एके काळी जहाजे बांधणारे, घरादारांचे गाव होते. ते सगळे समुद्राने गिळले आणि शेवटचे घर १९३० च्या दशकात गेले. आज तिथे नेपोलियनच्या भीतीने १८०८ ते १८१२ या काळात बांधलेला चार पाकळ्यांचा मार्टेलो बुरूज, म्हणजे किनारा राखण्यासाठीचा छोटा जाड भिंतींचा किल्ला, तेवढा उभा आहे; त्यात सुट्टीपुरते राहायलाही मिळते. मानेच्या भागात भिंत आहे, आणि झिजलेल्या ठिकाणी दुसरीकडचे गोटे मालमोटारींनी आणून टाकले जातात. दक्षिणेला गेलेला गोटा उचलून पुन्हा उत्तरेला टाकायचा, की लाटा त्याला परत दक्षिणेकडे न्यायला मोकळ्या.